समुद्राचा खरीप आणि रब्बी

माझे शालेय शिक्षण बीड जिल्ह्यात झाले. तिथून जवळात जवळचा समुद्रकिनारा सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर दूर. समुद्राशी आमचा संबंध दोनच प्रकारे येई. आठवडी बाजारात मिळणारी सुकट आणि सुके बोंबील हा एक, आणि पाऊस हा दुसरा. मृग नक्षत्र लागले की घरातली मोठी माणसे पश्चिमेकडे पाहत, कारण ढग अरबी समुद्राकडून येत. पडलेले पाणी मात्र बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा अशा नद्यांमधून गोदावरीला मिळून उलट दिशेला, बंगालच्या उपसागराकडे जाई. ज्या समुद्राकडून पाणी आले तो आम्ही पाहिलेला नसे, आणि ज्या समुद्रात ते गेले तोही नाही.

पुढे समुद्रातील सूक्ष्म जीवांचा अभ्यास करण्याची संधी मिळाली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जे वारे बीडच्या शेतकऱ्याला पेरणीची वर्दी देतात, तेच वारे अरबी समुद्रातही एक पीक उभे करतात. समुद्रालाही खरीप आहे आणि रब्बीही आहे. आज ही माहिती एका परिच्छेदात सांगता येते. पण ती मिळायला शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली. एवढा वेळ का लागला, हे समजून घेणे ही माहिती मिळवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

समुद्रातील गवत

पाण्यात जे जीव प्रवाहाबरोबर वाहत जातात, प्रवाहाविरुद्ध पोहून जाऊ शकत नाहीत, त्यांना प्लवक म्हणतात. त्यांतील जे सूर्यप्रकाशावर आपले अन्न स्वतः तयार करतात ते वनस्पतिप्लवक. त्यांत डायाटम महत्त्वाचे. एकाच पेशीचा हा जीव वाळूतल्या सिलिकेचे कवच बांधतो, आणि ते कवच झाकण असलेल्या कुंकवाच्या करंड्यासारखे असते. म्हणून मराठीत त्याला करंडक वनस्पती असे सुंदर नाव आहे. या वनस्पतींवर जगणारे कोपेपॉडसारखे बारीक कवचधारी जीव, तसेच खेकडे, कोळंबी, मासे यांची अंडी व पिले, हे सारे प्राणिप्लवक. जमिनीवर जे स्थान गवताचे, ते समुद्रात वनस्पतिप्लवकांचे. आपल्या बाजारातली सुकटही शेवटी याच कुरणावर वाढलेली असते.

प्लवक पकडण्याचे साधन अगदी साधे आहे. बारीक विणीच्या कापडाची शंकूच्या आकाराची जाळी होडीमागून ओढायची आणि तळाशी बांधलेल्या बाटलीत जे जमेल ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. आयर्लंडमधील लष्करी वैद्य जॉन व्हॉन टॉमसन यांनी अशा जाळीने मिळवलेल्या जीवांवर १८२८ पासून लिहायला सुरुवात केली. बीगल जहाजावरील तरुण डार्विननेही १८३२ मध्ये अशीच जाळी ओढली होती.

परंतु हे झाले जीव ओळखणे. ते मोजावेत, ही कल्पना जर्मनीतील कील विद्यापीठाचे व्हिक्टर हेन्सेन यांची. ‘प्लँक्टन’ हा शब्द त्यांनीच १८८७ मध्ये रूढ केला. शेतात एकरी किती पीक आले हे आपण मोजतो. मग समुद्राचे उत्पन्न का मोजू नये, असा त्यांचा प्रश्न होता. जाळीसाठी त्यांनी गिरणीत पीठ चाळण्यासाठी वापरले जाणारे रेशमी कापड निवडले, कारण त्याची छिद्रे एकसारखी असतात. १८८९ मध्ये ‘नॅशनल’ नावाच्या जहाजातून ते अटलांटिक महासागरात गेले. उष्ण कटिबंधात ऊन भरपूर, तेव्हा तेथे पीकही भरपूर असेल असे कोणालाही वाटेल. जाळीत नेमके उलटे निघाले. थंड उत्तरेकडील समुद्र समृद्ध आणि उष्ण समुद्र गरीब होता.

उष्ण समुद्राला ऋतू नसतात?

याचे कारण हळूहळू स्पष्ट झाले. पिकाला ऊन लागते तसे खतही लागते. समुद्रात मेलेले जीव, विष्ठा, सारे खाली बुडते आणि कुजते. त्यामुळे नायट्रेट, फॉस्फेट ही खते खोल, थंड, अंधाऱ्या पाण्यात साठतात. उष्ण समुद्रात वरचे पाणी सतत तापलेले असते. गरम पाणी हलके, म्हणून ते थंड पाण्यावर झाकणासारखे बसते आणि खालचे खत वर येऊ देत नाही. वर ऊन आहे पण खत नाही, खाली खत आहे पण ऊन नाही.

युरोपच्या समुद्रात हिवाळी वादळे आणि थंडी हे झाकण मोडतात. खत वर येते आणि वसंतात दिवस मोठा झाला की प्लवकांचे उदंड पीक येते. यावरून पाठ्यपुस्तकांत एक चित्र पक्के झाले: समशीतोष्ण समुद्रात ठळक ऋतू, आणि उष्ण समुद्रात बारा महिने सारखेच, थोडेथोडे. भर अटलांटिकच्या उष्ण भागासाठी हे चित्र बरेचसे खरे होते. पण ‘उष्ण समुद्र’ म्हणताना त्यात अरबी समुद्रही आला. तेथे वर्षातून दोनदा वारा दिशा बदलतो, याचा हिशेब कोणी केलेला नव्हता.

वहीतील कोरी पाने

भारतीय समुद्राचा अभ्यास तेव्हा होत नव्हता असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षण जहाज आपल्या किनाऱ्यांवर काम करत होते. त्यावर आल्कॉक, पुढे सीमोर सेवेल यांच्यासारखे वैद्य-निसर्गशास्त्रज्ञ होते. सेवेल यांनी कोपेपॉडांवर केलेले काम आजही अभ्यासक वापरतात. पण जहाजाचा सर्वेक्षणाचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असे. पावसाळ्यात जहाज बंदरात आणि शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत.

पुढे याच सेवेल यांच्या नेतृत्वाखाली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजातून जॉन मरे मोहीम निघाली. तिने अरबी समुद्राच्या मधल्या खोलीत प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्याचा प्रचंड थर असल्याचे दाखवले. हा फार मोठा शोध होता. मोहिमेच्या तारखा मात्र पाहण्यासारख्या आहेत: सप्टेंबर १९३३ ते मे १९३४. जवळजवळ नऊ महिने समुद्रावर काढले, आणि राहिले ते नेमके जून, जुलै, ऑगस्ट.

यात कोणाचा आळस नव्हता. त्या महिन्यांत समुद्र खवळलेला असतो. कोकणातील कोळी पावसाळ्यापूर्वी होड्या ओढून घेतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात जातात. शास्त्रज्ञांनी शहाणपणाने तेच केले. पण त्यामुळे आठ-नऊ महिन्यांच्या नोंदी पाहणाऱ्याला वाटे की हे वर्षाचे पूर्ण चित्र आहे. वहीतले कोरे पान आणि समुद्रातला कोरा ऋतू यांची गल्लत झाली.

तारलीच्या पोटातून

ही कोरी पाने प्रथम भरली ती मोठ्या जहाजांनी नव्हे. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात जेम्स हॉर्नेल नावाचे अधिकारी होते. मलबारच्या किनाऱ्यावर तारली हा गरिबांचा मासा. मल्याळीत त्याला मत्ती म्हणतात. तो पावसाळ्याच्या आगेमागे झुंडीने किनाऱ्याजवळ येतो. एखाद्या वर्षी इतका येतो की नारळाच्या झाडांना खत म्हणून घालतात, आणि एखाद्या वर्षी मुळीच येत नाही. असे का, हा हॉर्नेल यांचा प्रश्न होता. त्यांनी आणि नायडू यांनी १९२०च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तारलीच्या पोटातील अन्न आणि किनाऱ्याजवळचे प्लवक यांची सांगड घातली. तारली खाते ती मुख्यतः प्लवके. तेव्हा तारलीचा हंगाम हा प्लवकांचा हंगाम असला पाहिजे.

१९४०च्या दशकात तारली काही वर्षे जवळजवळ दिसेनाशी झाली आणि किनाऱ्यावरील हजारो कुटुंबांचे हाल झाले. त्यामुळे या प्रश्नाला निकड आली. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन केंद्र स्थापन झाले आणि कालिकतला नियमित नोंदी सुरू झाल्या. १९५५ मध्ये नायर आणि सुब्रह्मण्यन यांनी ‘फ्रॅजिलारिया ओशियानिका’ हा एक विशिष्ट डायाटम वाढला की तारलीही भरपूर येते, असे दाखवले. १९५९ मध्ये आर. सुब्रह्मण्यन यांचा पश्चिम किनाऱ्याच्या वनस्पतिप्लवकांवरील मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष स्पष्ट होता. वनस्पतिप्लवकांचे सर्वांत मोठे पीक नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत येते आणि ते थंड प्रदेशातील नावाजलेल्या सुपीक समुद्रांच्या तोडीचे असते. ज्या ऋतूत जहाजे बंदरात होती, तोच समुद्राचा खरा पेरणीचा आणि वाढीचा ऋतू होता!

मलबारमध्ये हे आधी कळले याला स्थानिक कारणही आहे. तेथे पावसाळ्यातही वारा जरा कमी होताच लहान होड्या पाण्यात उतरतात. काही ठिकाणी तर किनाऱ्याजवळच्या चिखलामुळे लाटा मरतात आणि भर पावसाळ्यात शांत पाण्याचे पट्टे तयार होतात. त्यांना ‘चाकरा’ म्हणतात. आपल्या मुंबईतही याच सुमारास काम सुरू झाले होते. १९४५ मध्ये बाळ आणि प्रधान यांनी मुंबई बंदरातील प्लवकांवर प्राथमिक टिपण प्रसिद्ध केले, आणि १९४७ मध्ये एला गोन्साल्विस यांनी तेथील वनस्पतिप्लवकांत ऋतूनुसार होणाऱ्या बदलांवर लिहिले.

खत वर येते कसे?

पावसाळ्यात आकाश ढगाळ असते, म्हणजे ऊन कमी. तरीही पीक मोठे. याचा अर्थ, आपल्या समुद्रात पीक अडते ते उन्हासाठी नव्हे, खतासाठी. मग पावसाळ्यात खत येते कुठून? नद्यांच्या गाळातून काही येतेच; पण मोठा वाटा खालून येतो.

नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम किनाऱ्याजवळ काहीसे वळून किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे ढकलले जाते. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की उजवीकडे पश्चिम, म्हणजे भर समुद्र. वरचे गरम पाणी किनाऱ्यापासून दूर सरते आणि त्याची जागा भरायला खालचे थंड, खतयुक्त पाणी वर येते. झाकण फुटते ते असे. केरळच्या किनाऱ्यावर हा परिणाम सर्वांत जोरदार असतो आणि गोव्याच्या उत्तरेला तो मंदावत जातो.

या खताची एक किंमतही असते. कार्ल बान्झे या जर्मन शास्त्रज्ञांनी कोचीन येथे काम करताना दाखवले की वर येणारे हे पाणी प्राणवायूने फार गरीब असते. ते उथळ तळावर पसरले की तळाचे मासे निघून जातात आणि तळावर ओढलेल्या जाळ्यांत फारसे काही मिळत नाही. त्यांचा पहिला लेख १९५९ मधलाच. म्हणजे वरच्या थरात सुबत्ता आणि तळाशी गुदमर, एकाच पाण्यामुळे.

१९६० ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची जहाजे आली. भारतीय नौदलाचे ‘किस्ना’ जहाजही त्यात होते. ब्रिटिश जहाज ‘डिस्कव्हरी’ १९६३ च्या ऐन मोसमी वाऱ्यांत अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ काम करत होते. तेथेही खालचे पाणी वर येताना दिसले. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे.

रब्बी आणि द्विदल पीक

हा झाला खरीप. पण उत्तर अरबी समुद्रात, म्हणजे गुजरात आणि त्याच्या आसपासच्या समुद्रात, हिवाळ्यातही हिरवे पाणी दिसे. तेथे किनाऱ्यापासून दूरवरही पीक होते, तेव्हा किनाऱ्याजवळची रीत तिथे लागू पडेना. याचे उत्तर एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दिले. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडे, गार वारे येतात. त्यांमुळे समुद्राचे वरचे पाणी थंड आणि बाष्पीभवनाने खारट होते, म्हणजेच जड होते. जड पाणी बुडते, खालीवर ढवळण होते आणि खत वर येते. ज्या थंडीत बीडच्या काळ्या रानात ज्वारी वाढते, त्याच थंडीत समुद्राचा रब्बी हंगाम पिकतो. कोकण या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात आहे.

मग उन्हाळा? फेब्रुवारी ते मे या काळात वारा मंद, ऊन कडक आणि झाकण घट्ट बसलेले असते. या काळात गोव्या-कोकणाच्या समुद्रावर कधी कधी लाकडाच्या भुशासारखा पिवळट-तपकिरी तवंग मैलोगणती पसरलेला दिसतो. जुने खलाशी त्याला समुद्रावरचा भुसाच म्हणत. १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या खलाशांनीही तो पाहिला होता. हा ‘ट्रायकोडेस्मियम’ नावाचा नीलहरित जीव. खत संपलेल्या पाण्यात तो जगतो कसा? आपल्याकडे तूर, मूग, हरभरा जमिनीत नत्र आणतात, कारण त्यांच्या मुळांच्या गाठीतील जिवाणू हवेतील नायट्रोजन बांधतात. ट्रायकोडेस्मियम हेच काम स्वतः करतो, असे १९६१ मध्ये सिद्ध झाले. गोव्याच्या संस्थेतील देवसी, भट्टतिरी आणि कासिम यांनी १९७०च्या दशकात या तवंगाचा पाठपुरावा केला. तो मेला आणि कुजला की सुटलेल्या खतावर इतर वनस्पतिप्लवके आणि मग प्राणिप्लवके क्रमाने वाढतात, असे त्यांनी नोंदवले.

शेतीची ही उपमा फार ताणू नये. येथे पेरणारा कोणी नाही, आणि पीक उभे राहता राहताच खाल्ले जाते. म्हणून पाण्यात प्लवके कमी दिसली म्हणजे उत्पादन कमी, असे नेहमीच म्हणता येत नाही.

ढगांखालचा समुद्र

आज उपग्रह आहेत. मग वहीतली कोरी पाने संपली असतील, असे वाटेल. भारताने १९९९ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-१ उपग्रहावर समुद्राचा रंग मोजणारे उपकरण होते. पाणी किती हिरवे यावरून वनस्पतिप्लवकांचा अंदाज येतो. पण हे उपकरण ढगातून पाहू शकत नाही. त्यामुळे जून ते ऑगस्टमधील पश्चिम किनाऱ्याच्या चित्रांत ढगांचीच पांढरी जागा जास्त. पूर्वी लाटांनी जे पान कोरे ठेवले, ते आता ढगांनी ठेवले! म्हणून पाण्यात बुडून ठरावीक दिवसांनी आपोआप वर येणारे तरंगते यंत्र, आणि त्याहूनही साधे म्हणजे एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन घेतलेले पाण्याचे नमुने, यांना पर्याय नाही. गोव्यात कांदोळीजवळच्या समुद्रात असे नमुने १९९७ पासून घेतले जात आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस तेथे तळाजवळचा प्राणवायू पार संपतो, हे त्यातून दिसले.

या नोंदींची गरज किती, याची दोन उदाहरणे पुरेत. केरळात २०१२ मध्ये सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनही मिळाली नाही. हा जुनाच चढउतार आहे, की तापणाऱ्या समुद्राचा परिणाम, की अति मासेमारीचा? दुसरे उदाहरण ‘नॉक्टिल्युका’चे. कोकणात हिवाळ्यात कधी रात्री लाटा निळसर चमकतात, त्या याच्यामुळे. त्याचा हिरवा प्रकार या शतकात उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात मोठ्या प्रमाणावर वाढू लागला आणि डायाटमांची जागा घेऊ लागला. प्राणवायू कमी होत असल्याने असे घडते, असे एका गटाने २०१४ मध्ये मांडले. प्राणवायू पुरेसा असतानाही ही वाढ होते, असे दुसऱ्या गटाने २०१८ मध्ये दाखवले. असे वाद सोडवायला हुशारीपेक्षा नोंदी अधिक लागतात, आणि त्याही सर्व ऋतूंच्या, वर्षानुवर्षांच्या.

शाळेत करून पाहण्यासारखे

समुद्र नसलेल्या गावातही हे शिकवता येते. पसरट पारदर्शक भांड्यात थंड पाणी घ्या. लाल रंग घातलेले गरम पाणी चमच्यावरून हळूच त्यावर सोडा. ते वरच राहील. आता एका कडेने पृष्ठभागावर नळीने सतत फुंका. लाल थर पलीकडे सरेल आणि अलीकडे खालचे स्वच्छ पाणी वर आलेले दिसेल. समुद्रात पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरते, हा फरक मुलांना सांगावा.

दुसरा प्रयोग वर्षभराचा आहे. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञांनी पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी पांढरी चकती वापरली. आपण वीतभर पांढरी थाळी सुतळीने आडवी बांधावी, सुतळीवर दर दहा सेंटिमीटरला गाठ मारावी आणि खाली दगड लावावा. गावच्या तलावात किंवा पायऱ्यांच्या विहिरीत, मोठ्या माणसांच्या सोबतीने, दर पंधरवड्याला ठरलेल्या जागी ती सोडून किती खोलीवर दिसेनाशी होते ते लिहावे. सोबत पाण्याचा रंग, तापमान आणि तलम कापडातून गाळलेल्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाने काय दिसले तेही लिहावे. आपल्या तलावांत साधारणपणे पावसाळ्यात गाळामुळे पाणी गढूळ होते, ऊन आत शिरत नाही आणि प्लवके कमी होतात. पाणी निवळल्यावर ती वाढतात. म्हणजे समुद्राच्या उलट! येथे अडते ते उन्हासाठी. पण हे मुलांना आधी सांगू नये. त्यांच्या वहीतून ते निघू द्यावे.

एक पथ्य मात्र पाळावे. सुट्टी, परीक्षा, पाऊस यांमुळे एखादी नोंद राहिली, तर त्या तारखेपुढे ‘नोंद घेतली नाही’ असे स्पष्ट लिहावे. शून्य लिहू नये आणि ओळ गाळूही नये.